नऊ अक्षरांचं गाव, आठ अक्षरांची फाइल

बुऱ्हाणपूर हे नाव इंग्रजीत लिहिलं तर नऊ अक्षरं होतात. तेव्हाच्या पीसीवरच्या डॉस या कार्यप्रणालीला फाइलच्या नावात आठच चालत. नववं अक्षर आलं की ते मुकाट्याने गाळून टाकायचं, तक्रार नाही, सूचना नाही. मी एप्रिलचा हिशोब ‘बुऱ्हाणपूर-एक’ या नावाने फ्लॉपीवर कॉपी केला आणि मेचा ‘बुऱ्हाणपूर-दोन’ या नावाने. दोन्ही नावं आठव्या अक्षरावर तुटली, तिथे ती हुबेहूब एक झाली, आणि मेचा हिशोब एप्रिलच्या डोक्यावर जाऊन बसला. ‘आधीची फाइल पुसू का?’ असं विचारण्याची रीत कॉपीच्या आज्ञेला डॉसच्या ६.२ आवृत्तीत, म्हणजे १९९३ साली लागली. आमच्याकडची आवृत्ती ३.३ होती. पेढीच्या मुनीमकाकांनी एप्रिलची रोकड मागितली तेव्हा मला हे कळलं.

त्या दिवसापासून मी गावांची नावं इंग्रजीत मोजू लागलो. खंडवा सात, जळगाव सात, रावेर पाच, भुसावळ बरोबर आठ. आसीरगडही नेमका आठ. दख्खनचा दरवाजा म्हणून मिरवलेला किल्ला डॉसच्या दारातून मात्र बिनबोभाट आत जातो. नेपानगर आमच्यासारखंच, नऊवाला, फसलेला.

हा लेख त्या फ्लॉपीबद्दल आणि ती सांभाळण्याच्या कसबाबद्दल आहे. कसबच म्हणतो, कारण ते हाताला लागावं लागे.

आमची पेढी सुताच्या व्यापाऱ्याची. यंत्रमागांना सूत द्यायचं, कापड घ्यायचं, मजुरीचा हिशोब ठेवायचा. नव्वदीच्या सुरुवातीला शेठजींनी एक जुना पीसी घेतला. त्याला हार्ड डिस्क नव्हतीच. छातीवर एकाखाली एक अशा दोन आडव्या फटी होत्या: वरची ए, खालची बी. ए मध्ये आधी डॉसची, मग प्रोग्रॅमची फ्लॉपी, बी मध्ये हिशोबाची. यंत्राला स्वतःची स्मरणशक्ती ६४० किलोबाइट, तीही वीज असेपर्यंत. सकाळी ए मधून डॉस भरला नाही तर ते यंत्र म्हणजे हिरव्या काचेचं नुसतं खोकं. काम संपवून प्रोग्रॅममधून बाहेर पडलं की पडद्यावर विनंती यायची, डॉसची फ्लॉपी पुन्हा ए मध्ये घाला. फ्लॉपी काढा, फ्लॉपी घाला, खटका दाबा, दिवा विझेपर्यंत हात लावू नका. दिवसाचं निम्मं काम हेच.

संगणकाच्या खोलीत चप्पल काढून जायचं, हा नियम त्या काळी सगळीकडे होता आणि पुढे त्याची पुष्कळ थट्टा झाली. बुऱ्हाणपुरात मात्र त्यात तथ्य होतं. हार्ड डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीपासून केसभर वर तरंगतं. फ्लॉपीत ते तबकडीला प्रत्यक्ष टेकतं. मिनिटाला तीनशे फेऱ्यांनी फिरणारी प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप, आणि त्यावर घासत जाणारं डोकं. मधे सुताचा एक तंतू सापडला की लेपावर ओरखडा. आमच्या गावात मागांच्या खडखडाटाबरोबर रुईचा भुगाही हवेत असतो. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या वेष्टनाला तर लांबट गोल खिडकी उघडीच असे, चकतीचं तपकिरी अंग तिच्यातून दिसे. तिथे बोट लावणं हा गुन्हा. मुनीमकाका फ्लॉपी धरायचे ती पोथी धरावी तशी, दोन्ही हातांनी, कडेने. मला त्यांची ही पद्धत संगणकाच्या क्लासमध्ये शिकवलेल्या नियमांपेक्षा जास्त पटली.

फ्लॉपीचा जन्म आयबीएममधला, १९७१ सालचा. तेव्हा ती आठ इंचांची होती आणि तिच्यात जेमतेम ८० किलोबाइट मावत. सव्वापाच इंची १९७६ ची, शुगार्ट असोसिएट्सची. साडेतीन इंची, टणक कवचाची, १९८१ ची, सोनीची. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तो एका बाजूला १६० किलोबाइट लिहिणाऱ्या ड्राइव्हनिशी. मार्च १९८३ मध्ये डॉस २.० आलं आणि ३६० किलोबाइट हे माप रुळलं. आमच्या वाट्याला आलं ते हेच.

आता जरा आत शिरू. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस वर्तुळाकार वाटा. प्रत्येक वाटेचे नऊ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार केला की ३,६८,६४० येतात. पण फॉरमॅट झाल्यावर पडदा ३,६२,४९६ च दाखवतो. बारा तुकडे कुठे गेले? शेठजींनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होता, कापड मोजून घेणाऱ्याच्या आवाजात. ते वहीच्या खर्ची पडतात. एक तुकडा यंत्र सुरू करण्याच्या सूचनेचा, सात तुकडे फाइलींच्या यादीचे, आणि चार तुकडे एका तक्त्याचे, ज्याला फॅट म्हणतात.

हा तक्ता समजायला बुऱ्हाणपूरकराला वेगळा दाखला लागत नाही. त्याच्याकडे कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखाना इथे असताना, सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं गेलं. वर जमिनीवर दिसतात त्या ओळीने शंभराहून अधिक कुंड्या, विहिरीच्या तोंडासारख्या. प्रत्येक कुंडी खालून पुढच्या कुंडीला जोडलेली. तुम्हाला पहिली कुंडी ठाऊक असली की खाली उतरून पाण्याबरोबर पुढच्यांपर्यंत जाता येतं.

फ्लॉपीवरची फाइल अगदी अशी असते. यादीत फाइलचं नाव, तारीख, आकार आणि फक्त पहिल्या कप्प्याचा क्रमांक. कप्पा १,०२४ बाइटचा. तक्त्यात त्या क्रमांकाच्या घरात पुढच्या कप्प्याचा क्रमांक लिहिलेला. तिथे गेलं की त्याच्या पुढचा. शेवटच्या घरात ‘इथे संपलं’ अशी खूण. कप्पे शेजारी-शेजारी असायला हवेत असं नाही; बोगदा जोडलेला हवा. फरक एवढाच की खानखानांच्या कुंड्या ओळीत आहेत आणि डॉस जागा मिळेल तिथे खणतो.

या तक्त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. चांगली गोष्ट आहे, पण दोन्ही प्रती, यादीचा बराचसा भाग आणि सुरुवातीचा तुकडा हे सगळं एकाच वाटेवर, सर्वांत बाहेरच्या. घराच्या दोन किल्ल्या करून दोन्ही एकाच खुंटीला टांगाव्यात असा हा शहाणपणा. त्या वाटेवर ओरखडा पडला की हिशोब शाबूत आणि हिशोबाचा पत्ता गायब. पडद्यावर तीन शब्द येत: अबॉर्ट, रिट्राय, फेल. आम्ही रिट्रायच दाबायचो. दहा वेळा दाबल्यावर अकराव्यांदा वाचलं गेल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणूनच ती खोड कुणाची सुटली नाही.

आणि मग लाइट जायची. उन्हाळ्यात तापीकाठची दुपार, पंखा थांबला की आधी मागांचा आवाज बंद पडायचा आणि त्या शांततेत पडद्यावरचा ठिपका आत ओढला जाऊन विझायचा. फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर कप्पे भरलेले असत, काही वेळा तक्त्यात साखळीही नोंदलेली असे, पण यादीतली नोंद फाइल बंद होताना पुरी व्हायची ती राहून जाई. म्हणजे पाणी आहे, बोगदा आहे, कुंडीचं तोंडच नाही. चेकडिस्क नावाची आज्ञा अशा बेवारस साखळ्या शोधून विचारायची, यांच्या फाइली करू का? हो म्हटलं की ‘फाइल शून्य शून्य शून्य शून्य’ अशा नावाचं गाठोडं हाती यायचं. ते उघडून कुणाच्या खात्याचा तुकडा आहे हे ओळखणं मुनीमकाकांचं काम. त्यांना डॉस येत नव्हतं. रकमेवरून माणूस ओळखता येत होता.

पुसण्याचंही असंच. डॉस फाइल पुसतो म्हणजे काय करतो? यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण टाकतो आणि तक्त्यातले कप्पे रिकामे म्हणून जाहीर करतो. मजकूर होता तिथेच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ च्या संचातला प्रोग्रॅम याच फटीतून आत शिरायचा, आणि १९९१ च्या डॉस ५.० मध्ये तशी सोय घरचीच झाली. ते तुम्हाला नावाचं पहिलं अक्षर विचारत, कारण तेवढंच खरोखर हरवलेलं असे. बाकी कप्पे सलग असतील असं धरून चालत. माझ्या एप्रिलच्या हिशोबाला यातलं काहीच लागू पडलं नाही. त्याची यादीतली नोंदच मेने घेतली होती, कप्पेही. तो महिना आम्ही कच्च्या वहीवरून पुन्हा भरला. अकरा रात्री लागल्या.

त्यानंतर पेढीत जी शिस्त आली ती मुनीमकाकांची. ते म्हणाले, “रोजमेळ आहे, खतावणी आहे, तशा फ्लॉप्या तीन करा. आजा, बाप आणि लेक.” संगणकाच्या जगात ही पद्धत याच नावाने चालते हे मला फार नंतर कळलं, काकांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आजचं काम लेकावर. उद्या लेक बाप होतो, परवा आजा, आणि तेरवा आज्याची फ्लॉपी पुसून पुन्हा लेक. आजा शेठजींच्या घरी, तिजोरीत. एक ड्राइव्ह बंद पडला की डिस्ककॉपी उरलेल्या एकाच फटीतून करावी लागे, मूळ घाला, कोरी घाला, मूळ घाला. गोंधळ झाला तर कोरी मूळावर कॉपी व्हायची. म्हणून मूळ फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी आधी चिकटवायची. खाच झाकली की ड्राइव्ह वाचतो, लिहीत नाही. साडेतीन इंचीत उलटं: तिथे भोक उघडं असेल तर लिहिता येत नाही. हा उलटसुलटपणा कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला देव जाणे. त्याने कित्येकांचे हिशोब बुडवले असतील.

फ्लॉपीवर देवनागरी होती ती फक्त लेबलावर. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड यंत्रात बसवलं की डॉसमध्ये मराठी टाइप करता येई. त्या तंत्राची मुळं आयआयटी कानपूरमध्ये होती आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचं इस्की हे प्रमाणही ठरलं. आमच्या पेढीला ते कार्ड परवडण्यातलं नव्हतं. आत सगळी नावं इंग्रजी आद्याक्षरांत कोंबलेली, आणि बाहेर काकांच्या वळणदार अक्षरात ‘श्री’, खाली ‘सूत जमा, आषाढ’. लेबल आधी लिहायचं, मग चिकटवायचं. चिकटवल्यावर बॉलपेनने लिहिलं की टोकाचा दाब खालच्या चकतीवर उमटतो.

संगणकाचे रोग, म्हणजे व्हायरस, फ्लॉपीवरूनच यायचे. १९८६ चा ब्रेन हा लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला. तो ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या नेमक्या त्या पहिल्या तुकड्यात बसायचा. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एकाचं नाव तर जोशी. पाच जानेवारीला यंत्र अडून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला लावी. ते लिहिलं की मुकाट सोडून देई. हे जोशी कोण, यावर आमच्या क्लासमध्ये तावातावाने चर्चा व्हायची, कारण सरांचं आडनाव तेच होतं. बाहेरून आलेली हिशोबाची फ्लॉपी ए मध्ये विसरली आणि तशीच कळ दाबली की काम झालं. ‘ही सिस्टिम डिस्क नाही’ असं पडद्यावर येईपर्यंत पाहुणा आत शिरलेला असे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी पुढे क्विक हील हे अँटिव्हायरस उभं केलं, ते याच रोगराईच्या दिवसांत.

पेढीत हार्ड डिस्क आल्यावर फ्लॉप्या कपाटात गेल्या. सोनीने जपानमधली साडेतीन इंचीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. सरकारी अर्ज फ्लॉपीवर द्यावेत असे नियम जपानने शेवटी २०२४ मध्ये काढून टाकले, हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या कचेऱ्यांचा राग जरा कमी आला.

मागच्या वर्षी मुनीमकाकांच्या घरून एक डबा माझ्याकडे आला. झाकणाला छोटी किल्ली, आत पुठ्ठ्याचे खण, सदतीस फ्लॉप्या. काकांनी लिहिलेली लेबलं पिवळी पडून सुटलेली होती, पण बरीचशी त्याच खणात पडलेली. वीस वाचल्या गेल्या. आठांत काही कप्पे गेलेले. उरलेल्या नऊंवर बुरशी होती. त्या मी ड्राइव्हमध्ये घातल्याच नाहीत, कारण एका बुरशीच्या फ्लॉपीने डोकं माखलं की पुढच्या चांगल्या फ्लॉपीचाही लेप खरवडला जातो.

तुमच्याही घरी, दुकानात, पतपेढीच्या माळ्यावर असा डबा असेल तर यंदाचा पावसाळा लागायच्या आत उघडा. साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह अजून मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह शोधून त्याला खास बोर्ड जोडावा लागतो; तो जोडणारी मंडळी विचारपूस केल्यावर भेटतात. आधी खिडकीतून बघा, पांढरे ठिपके दिसले तर थांबा. सुटलेलं लेबल त्याच फ्लॉपीबरोबर ठेवा. आणि ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी सव्वापाच इंचीच्या खाचेवर पट्टी चिकटवा, साडेतीन इंचीचं भोक उघडं ठेवा.