सरावातली शंभरी आणि वहीतला संघ

दोस्तांनो, एका प्रश्नाचं पटकन उत्तर द्या पाहू. क्रिकेटचा मोसम सुरू व्हायला आठ दिवस राहिलेत. तुम्हाला अकरा जणांचा संघ निवडायचाय. एका फलंदाजानं कालच्या सराव सामन्यात शतक ठोकलंय. दुसरा त्याच सामन्यात १८ धावांवर बाद झालाय. कोणाला घ्याल?

"शतकवाल्याले घे ना बे, त्यात विचार काय करायचा!" आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही ओट्यावर हेच उत्तर मिळेल. पण थांबा. उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. मात्र ते घाईचं नक्कीच आहे. का, ते बघू.

आधी खेळ समजून घेऊ. हा वहीतला संघ म्हणजे मनातल्या मनात उभा केलेला संघ. खेळाडू खरे, सामने खरे, पण संघ तुमचा. खेळाडूनं मैदानावर जे केलं त्याचे गुण तुमच्या वहीत जमा होतात. आपण सोपे नियम ठरवू. एका धावेला १ गुण, एका बळीला २० आणि झेलाला ८. खेळाडू 'विकत' घ्यायला प्रत्येकाला कागदी ६०० रुपये. ज्याचे गेल्या मोसमात एका सामन्याला सरासरी जितके गुण, तितके रुपये त्याची किंमत. गेल्या मोसमात जो खेळलाच नाही, तो नवा गडी सरसकट २० रुपयांना.

आता वही उघडा आणि विदर्भाचा २०२४-२५ चा रणजी मोसम आठवा. त्या वर्षी विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. आधीचे दोन २०१७-१८ आणि २०१८-१९ चे. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेनं त्या मोसमात १० सामन्यांत ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम ठरला. म्हणजे नुसत्या गोलंदाजीचे १३८० गुण! सामन्याला १३८. यश राठोडनं १० सामन्यांत ९६० धावा केल्या, त्याचे सामन्याला ९६. पुढच्या मोसमासाठी हे दोघं घेतले तर २३४ रुपये गेले. उरले ३६६ आणि गडी घ्यायचे नऊ. प्रत्येकाला जेमतेम ४० रुपये. आली का पंचाईत? म्हणून तर या खेळात सगळी मजा स्वस्तातला खेळाडू हुडकण्यात असते. दानिश मालेवारचा तो पहिलाच रणजी मोसम होता. आपल्या हिशोबानं तो २० रुपयांचा नवा गडी. त्यानं ९ सामन्यांत ७८३ धावा केल्या, म्हणजे सामन्याला ८७ गुण. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध १५३ धावा काढून सामनावीर ठरला, ते वेगळंच.

असा मालेवार आधी ओळखायचा कसा? इथंच सगळे सराव सामन्यांकडे धावतात.

हा छंद आपल्यापेक्षा जास्त मुरलाय तो ऑस्ट्रेलियात. तिकडे एक वेगळाच फुटबॉल खेळतात. मैदान लंबवर्तुळाकार आणि एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू पपईसारखा लांबट, तो पायानं मारायचा आणि मुठीनं ठोसून साथीदाराकडे द्यायचा. चार खांबांपैकी मधल्या दोघांतून गेला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. मेलबर्नच्या ज्या मोठ्या मैदानावर नाताळच्या दुसऱ्या दिवशी कसोटी सुरू होते, त्याच मैदानावर या फुटबॉलचा अंतिम सामना होतो. तिकडच्या पोरांचा (आणि त्यांच्या बापांचाही!) असाच मनातला संघ असतो. त्यात तीस खेळाडू, ठरावीक रक्कम आणि गेल्या वर्षीच्या कामगिरीवरून किमती. पायानं चेंडू दिला की ३ गुण, हातानं दिला की २, प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडलं की ४. मोसम मार्चमध्ये सुरू होतो, त्याआधी सरावाचे सामने होतात आणि घराघरांत तेच दळण सुरू होतं: सरावात चमकलेला घ्यायचा की नाही?

तिथले मुरलेले खेळगडी काय करतात ठाऊक आहे? ते सराव सामन्यातले गुण फारसे बघतच नाहीत. तो किती वेळ मैदानावर होता आणि कुठल्या जागी खेळला, हे बघतात. कारण सरावाच्या सामन्यात प्रशिक्षक मोठ्या खेळाडूंना शेवटी बसवून ठेवतात. मग नवख्यांना मोकळं रान मिळतं आणि त्यांच्या नावापुढे गुणांचा ढीग लागतो. तो ढीग फसवा. पण गेल्या वर्षी कोपऱ्यात उभा राहणारा पोरगा यंदा मैदानाच्या मधोमध खेळताना दिसला, तर ती खरी बातमी. मधे चेंडू जास्त वेळा हातात येतो. म्हणजे त्याचं काम बदललं आणि किंमत मात्र जुनीच राहिली!

हेच आपल्या क्रिकेटला लावून बघा. धावा मागाहून बघायच्या, आधी काम बघायचं. तो कितव्या क्रमांकावर आला? समोर नवा चेंडू होता की सत्तर षटकं जुना? गोलंदाज पहिल्या फळीचे होते की कप्तानानं जाळ्यातल्या पोरांना हात साफ करायला दिला होता? शतकवाला सहाव्या क्रमांकावर थकलेल्या गोलंदाजीवर खेळला असेल, आणि १८ वाल्याला यंदा प्रथमच सलामीला पाठवलं असेल, तर मी डोळे झाकून १८ वाला घेईन. त्याला मोसमभर जास्त चेंडू खेळायला मिळणार.

आता एक गंमत करा. वर्गात ६४ मुलं आहेत असं धरा. प्रत्येकानं नाणं चार वेळा उडवायचं. हिशोब सांगतो की साधारण चौघांना चारही वेळा छापा येईल. आता त्या चौघांना तुम्ही 'छाप्याचे वस्ताद' म्हणाल का? नाही ना! पण सराव सामन्यांनंतर आपण नेमकं तेच करतो. खेळणारे पुष्कळ असतात, त्यातल्या दोघाचौघांचा दिवस लागतोच आणि आपलं लक्ष नेमकं त्यांच्यावर जातं. त्याच दिवशी लवकर बाद झालेले चांगले फलंदाज आपल्या डोळ्यांआड होतात.

खरं उदाहरण हवंय? करुण नायर घ्या. २०२४-२५ च्या मोसमात तो विदर्भाकडून खेळत होता. विजय हजारे करंडकात त्यानं ८ डावांत ७७९ धावा केल्या. बाद झाला फक्त दोनदा, म्हणून सरासरी निघाली ३८९.५०! रणजीच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. मग २०२५ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला गेला. कसोटी मालिकेच्या आधी कँटरबरीला भारत 'अ' संघाकडून इंग्लंड लायन्सविरुद्ध त्यानं २०४ धावा केल्या. मोसमपूर्व फॉर्म म्हणतात तो याहून चांगला काय असणार? पण पुढे कसोटी मालिकेत त्याचे आठ डाव असे झाले: ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. एकूण २०५. कँटरबरीच्या एका डावापेक्षा फक्त एक धाव जास्त!

म्हणजे तो वाईट फलंदाज होता का? मुळीच नाही. आठपैकी सहा डावांत तो वीसच्या आसपास किंवा त्याच्या पुढे गेला होता. समोरचे गोलंदाज बदलले, खेळायचा क्रमांकही एका जागी राहिला नाही. ज्यांनी फक्त २०४ चा आकडा बघून वहीत त्याचं नाव ठळक केलं, त्यांची वही रडली.

आपल्या भागातल्या पोरांकडे बघितलं तर 'काम बघा' हा नियम आणखी पटतो. अकोल्याचा अथर्व तायडे डावखुरा सलामीवीर. कूचबिहार करंडकाच्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात त्यानं ३२० धावा केल्या होत्या. लांब डाव खेळायचा हे त्याचं काम. हाच अथर्व १७ मे २०२३ ला धर्मशाळेत पंजाबकडून आयपीएल खेळत होता. २१४ धावांचा पाठलाग चालू होता. तो ४२ चेंडूंत ५५ वर होता, आणि तेव्हा संघानं त्याला चक्क परत बोलावलं. स्वतःहून बाद होऊन तो तंबूत गेला, कारण धावा हव्या होत्या त्याहून वेगानं. तुमच्या वहीत ५५ गुण जमा, संघ मात्र सामना हरला. तोच अथर्व ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पाच दिवसांच्या इराणी करंडकात उतरला. शेष भारताविरुद्ध त्यानं १४३ धावा केल्या, विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीर तोच. म्हणून वीस षटकांच्या सराव सामन्यावरून चार दिवसांच्या सामन्याचा गडी निवडू नका. त्याच्या उलटही करू नका.

अमरावतीच्या जितेश शर्माचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं. यष्टिरक्षक, आणि फलंदाजीला येतो तो डाव संपत आल्यावर. कधी सहा चेंडू मिळतात, कधी तेवढेही नाहीत. आयपीएल २०२५ मध्ये त्याच्या एकूण धावा २६१, आणि त्यातल्या ८५ एकाच डावातल्या! २७ मे ला लखनौविरुद्ध २२८ धावा करायच्या होत्या. १२३ वर चौथा गडी बाद झाला तेव्हा तो आला आणि ३३ चेंडूंत ८५ वर नाबाद राहून बंगळुरूला जिंकून दिलं. त्या सामन्यात कप्तानही तोच होता. अशा खेळाडूच्या दोन सराव डावांवरून तुम्हाला काय कळणार? काहीच नाही. त्याला घ्यायचं ते झेलांच्या भरवशावर. झेलाचे गुण धावांपेक्षा नियमित येतात. (यष्टिरक्षक नेहमी आधी निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.)

आणि कधीकधी संघच तुम्हाला गंडवतो, बरं का! २०२४-२५ च्या त्याच रणजी अंतिम सामन्यात विदर्भानं तिसऱ्या क्रमांकावर कोणाला पाठवावं? दर्शन नळकांडेला! अकोला क्रिकेट क्लबमधून वर आलेला हा वेगवान गोलंदाज. डाव काही फळला नाही. तो १ धाव करून परतला आणि विदर्भ ३ बाद २४. मग मालेवार आणि नायरनं २१५ धावांची भागी रचली म्हणून निभावलं. असे डाव आधीच वहीत कोण लिहिणार?

अकोल्याचाच आदित्य ठाकरे बघा. प्रथम श्रेणीतला त्याचा पहिलाच सामना म्हणजे २०१७-१८ चा इंदूरचा रणजी अंतिम सामना! वय १९. त्याच्या नावापुढे बघायला एकही आकडा नव्हता. पण ज्यांनी त्याला रोज गोलंदाजी करताना पाहिलं होतं, त्यांनी तो निवडला. काही आठवड्यांतच १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या संघात इशान पोरेल जखमी झाला आणि राखीव म्हणून आदित्यला न्यूझीलंडचं बोलावणं आलं.

तुमच्यापैकी कित्येक जण स्वतःही निवड चाचणीला जातात. तिथं दहा-बारा चेंडू मिळतात आणि त्यातल्या तिसऱ्यावर दांडी उडते. घरी येऊन जेवण जात नाही. अशा वेळी चाचणी घेणारा जाणता असेल तर तो काय बघतो? पाय चेंडूपाशी जातो का, डोकं स्थिर आहे का, पुढचा चेंडू घाबरून खेळतोय का. दांडी उडणं त्यात एकच गोष्ट. पालकांनीही 'किती केल्या रे?' एवढंच विचारण्याऐवजी 'कितव्या नंबरवर पाठवलं होतं?' हे विचारून बघावं. गप्पा लांबतात.

पालकांसाठी आणखी एक. मोबाइलवर असेच संघ लावून पैसे लावायचे खेळ काही वर्षं फार बोकाळले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. आपल्या खेळाला शंभर पानी वही, पेन आणि वर्तमानपत्रातला धावफलक पुरतो. अमरावतीच्या पोरानं आपला संघ अकोल्याच्या मामेभावाला फोनवर वाचून दाखवायचा, म्हणजे नंतर कोणाला खोडाखोड करता येणार नाही.

एवढं मात्र करा. वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: गेल्या मोसमाची सरासरी, यंदाचं काम, सरावातल्या धावा. भरायचे याच क्रमानं. तिसरा रकाना पेन्सिलनं. आणि संघ लिहून झाला की पहिले तीन सामने होईपर्यंत एकही गडी बदलायचा नाही. मामेभावानं कितीही चिडवलं तरी!