मेनू आणि गेम, एका ताटात

रत्नागिरीत हातात मावणारा पहिला गेम आला तो फोनमधून नव्हे, गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या बॅगेतून. नव्वदच्या दशकातला तो ब्रिक गेम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वर ‘९९९९ इन १’ असं ठणकावून छापलेलं असे. आत खरे खेळ मोजके, बाकी सगळी वेग आणि पातळी बदलून केलेली आकड्यांची चलाखी. पडद्यावर आडवे दहा आणि उभे वीस चौकोन, तेही जागच्या जागी ठरलेले, नुसते उमटायचे आणि विझायचे. खेळ निवडायचा तर पडद्यावर एक इंग्रजी अक्षर येई. बटण दाबत पुढचं अक्षर आणायचं आणि स्टार्ट दाबायचं. मेनू म्हणाल तर एवढाच. घरातलं चार वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी, दोघांनाही तो कुणी शिकवावा लागला नाही.

पुढच्या तीस वर्षांत हातातल्या यंत्रात मेनू वाढत गेला आणि गेमही वाढत गेले. पण दोघांचं ताट एकच राहिलं: तीच मेमरी, तोच प्रोसेसर, तीच बॅटरी. एकानं जास्त वाढून घेतलं की दुसरा अर्धपोटी. मागे वळून बघताना मला वाटतं, या वाढपात गेमचा नंबर बहुतेक वेळा दुसरा लागला आणि त्याचं कारण तंत्रात कमी, दुकानदारीत जास्त होतं.

मोबाइल आपल्याकडे सर्वसामान्यांच्या हातात आला २००२-०३ च्या सुमारास. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची सेवा सुरू झाली, २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरून हँडसेट घेऊन जाण्याची योजना काढली. आणि मग नोकिया. तानेली अर्मान्तो या फिनिश अभियंत्यानं १९९७ च्या नोकिया ६११० साठी लिहिलेला सापाचा गेम २००० च्या ३३१० मध्ये आणखी चपळ होऊन आला आणि ११०० च्या टॉर्चसोबत २००३ पासून वाडीवाडीत पोचला. ३३१० चा पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा. सगळे मिळून ४०३२. तेवढ्यात बॅटरीचे दांडे, रेंजचे दांडे, मेनू, मेसेज आणि सापही. पण साप सुरू झाला की दांडे, नावं, घड्याळ सगळं गुमान बाजूला होई आणि आख्खा पडदा सापाचा. फोन आला तरच मेनू तोंड वर काढी.

त्या ४०३२ ठिपक्यांत देवनागरी बसवणं हे मात्र सापापेक्षा अवघड काम होतं. रोमन अक्षराला पाच-सात ठिपके उंची पुरते. आपल्या अक्षराला वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार, मधे जोडाक्षर. तीन ओळींच्या जागी दोन बसवताना मारामार. देवनागरी मेनू आले तेव्हाही अनेकांनी फोन इंग्रजीवरच ठेवला, कारण मेनू वाचायचा नसून पाठ करायचा असतो हे तोवर ठरून गेलं होतं. ‘खाली, खाली, ओके, परत खाली’ असा मेसेजचा रस्ता बोटांना माहीत. अक्षरओळख नसलेल्या मिरकरवाड्याच्या खलाशालाही साप कुठे आहे ते नेमकं माहीत असे. चांगल्या मांडणीची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही, आणि त्यात ना रंग होते ना सरकती चित्रं.

मग रंग आले. २००३ च्या नोकिया ६६०० मध्ये सिम्बियन ही यंत्रणा होती, तिच्यावर बाहेरचे गेम टाकता येत. त्याहून स्वस्त नोकियांवर जावा गेम चाले, आणि सुरुवातीच्या कित्येक मॉडेलांवर तो ६४ केबीच्या आत बसवावा लागे. एवढ्यात संगीत, चित्रं, खेळ सगळं. बसवणारे बसवत. या दिवसांत गावोगाव ‘डाउनलोडिंग’ची दुकानं निघाली. मेमरी कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपयांत गाणी, पिक्चरचे तुकडे आणि ओंजळभर गेम भरून मिळत. कुठला गेम कुठल्या पडद्याला चालेल हे दुकानातल्या पोराला तोंडपाठ असे. चुकीचा टाकला की अर्धा खेळ पडद्याबाहेर.

याच काळात नोकियानं एन-गेज काढून पाहिलं: गेमचं यंत्र आणि फोन एकात. ऑक्टोबर २००३ चं हे यंत्र आज सगळे थट्टेनं आठवतात, कारण बोलताना ते कानाला धारेवर उभं धरावं लागे. खरी खोट आणखी आत होती. गेमचं कार्ड बसे बॅटरीच्या खाली. म्हणजे खेळ बदलायचा तर फोन बंद, झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड बदला, पुन्हा सगळं लावा, चालू करा आणि मग त्या मेनूतून वाट काढा. ब्रिक गेमवर जे दोन बटणांचं काम होतं ते इथे सात पायऱ्यांचं झालं. शिवाय पडदा उभा, फोनसारखा. पुढच्याच वर्षीच्या क्यूडी मॉडेलमध्ये कार्डाची खाच बाहेर आली, पण तोवर लोकांचं मन उतरलं होतं.

२००८-०९ चे ‘चायना मोबाइल’ हे या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र. आठ-आठ स्पीकर, दोन सिम, मेनूतलं प्रत्येक चित्र नाचतंय, फिरतंय, चमकतंय. गेम मात्र नावाला. एक डिसेंबर २००९ पासून वैध आयएमईआय क्रमांक नसलेले हँडसेट सरकारनं नेटवर्कवरून तोडले आणि त्यातले कितीतरी फोन निव्वळ गाणी वाजवण्याचे डबे होऊन कपाटात गेले. त्यांना हसू नये. बाजाराचं गणित त्यांनी सगळ्यात उघडपणे मांडलं होतं. राम आळीत काय किंवा मारुती मंदिरला काय, गिऱ्हाईक काउंटरवर फोन दोन मिनिटं हाताळतं. त्या दोन मिनिटांत गेम कोण खेळून बघणार? बघायचा तो मेनू. फोन मेनूवर विकला जातो आणि नंतर दोन-तीन वर्षं गेमवर वापरला जातो. मोठ्या नावाजलेल्या कंपन्यांनीही पुढे हेच केलं, जरा सभ्य रंगांत.

२०११ चा सॅमसंग गॅलेक्सी वाय घ्या. कोकणातल्या कितीतरी घरांतला तो पहिला अँड्रॉइड. रॅम २९० एमबी, आतली साठवण १८० एमबीच्या आसपास, आणि अँड्रॉइडवर पुन्हा कंपनीचा स्वतःचा मेनूचा थर. २०१२ च्या मार्चमध्ये अँड्रॉइडवर टेम्पल रन आला आणि कॉलेजच्या पोरांत वेड लागलं. तो टाकायचा तर आधी काय काढायचं याची कुटुंबसभा भरे. फोटो कार्डवर हलवले तरी उपयोग नसे, कारण जागा खाऊन बसलेले निम्मे प्रोग्राम कंपनीचे, ते काढता येत नसत. त्या काळातल्या बऱ्याच फोनांवर मराठी मेसेज नुसते चौकोन दिसत. अँड्रॉइड ४ आलं तशी देवनागरी नीट दिसू लागली. मेनूवर खर्च करायचाच होता तर तो इथे आधी व्हायला हवा होता, हे माझं मत आजही कायम आहे.

पण गूगलनं २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट बटर’ नावानं जे केलं त्याला दाद द्यावी लागते. अँड्रॉइडचा पडदा बोटामागून अडखळत सरके. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सोळा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो; तेवढ्यात चित्र तयार झालं नाही तर डोळ्याला झटका जाणवतो. गूगलनं काय केलं? पडद्याच्या ठोक्याशी सगळ्या चित्रणाचा ताल जुळवला, दोनाऐवजी तीन चित्रं रांगेत ठेवायची सोय केली आणि बोट टेकताक्षणी प्रोसेसरला जोर लावायला सांगितलं. मेनू लोण्यासारखा झाला. मुख्य म्हणजे ही सफाई दिखाऊ नव्हती, खालच्या पायाची होती, म्हणून तिचा फायदा गेमलाही मिळाला. मेनू आणि गेम एकमेकांचे वैरीच असतात असं नाही, हे दाखवणारा हा दुर्मीळ प्रसंग.

सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसनं अँड्रॉइड वनचे फोन आणले: साधा मेनू, वर कसलाही थर नाही, किंमत साडेसहा हजारांच्या आत. त्याच वर्षी जुलैत शाओमी तिच्या नटव्या मेनूसह आली. कोण जिंकलं ते आपण जाणतोच. आणि मग दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य रोज ऐकू येऊ लागलं: “सॉफ्टवेअर मारावं लागेल.” साळवी स्टॉपच्या एखाद्या टपरीवर एक काका तक्रार घेऊन येणार, “पोरानं सगळं भरून ठेवलंन, आता फोन हलत नाही.” दुकानदार फोन हातात घेऊन म्हणणार, “काका, पोराचा काय दोष? गेम एकच आहे. बाकी सगळं कंपनीचंच आहे.” हुशार पोरं तर फोन रूट करून कंपनीचा मेनूच उपटून टाकत आणि साधा रॉम टाकत. तेवढ्यानं त्याच फोनवर तोच गेम सुरळीत चाले. कंपनीनं फुकट दिलेली शोभा काढायला लोक पैसे मोजत होते.

पाच सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटाचा प्रश्न मिटला. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि ताटाचा प्रश्न ऐरणीवर आला. दरम्यान दीड हजार रुपये अनामत भरून मिळणारा जिओफोन निघाला होता, ५१२ एमबी रॅमचा. मेनू मराठीत, नीटनेटका, वाचता येणारा. पण त्यावर पबजी चालणं शक्यच नव्हतं, आणि दुकानात ‘ह्यात पबजी टाकून द्या’ म्हणणाऱ्या पोरांना समजावता समजावता दुकानदार थकले. गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच वाट काढली. जुलै २०१९ मध्ये पबजीची लाइट आवृत्ती भारतात आली, शंभराऐवजी साठ खेळाडूंची, लहान नकाशाची. फ्री फायर तर पहिल्यापासून पन्नास खेळाडूंचा आणि दहा मिनिटांचा, म्हणून स्वस्त फोनवाल्यांचा तोच खरा गेम ठरला. फोन बदलेनात तर गेम आकसले. फोनवाल्यांनी उत्तर म्हणून ‘गेम मोड’ आणला. तो चालू केला की मागचे प्रोग्राम बंद, सूचना बंद, मेमरी मोकळी. म्हणजे स्वतःच मांडलेला पसारा आवरण्याची सोय, आणि तिचीही पुन्हा एक झगमगती पट्टी, खेळाच्या अंगावर उघडणारी.

२०२० च्या टाळेबंदीत घराघरांत जो गेम खेळला गेला तो मात्र यातल्या कशाच्याही वाट्याला गेला नाही. लुडो किंग, नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा, विकाश जयस्वाल यांनी २०१६ मध्ये काढलेला. कसल्याही फोनवर चाले, नेट नसलं तरी एकाच फोनभोवती चौघं बसून खेळत. तीन जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाइट नव्हती, टॉवर गप्प होते. जनरेटरवर मिळालेलं चार्जिंग जपून वापरायचं होतं. अशा वेळी कुठला मेनू किती बॅटरी खातो हे लोकांनी पडद्याचा उजेड कमी करत करत शिकून घेतलं. एरवीही कोकणात रेंज हा गेमचा तिसरा भागीदार आहेच. रत्नागिरीहून मुंबईकडे निघालेली गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली की ऑनलाइन गेममधला गडी उभ्या जागी मरतो. लुडोचा फासा पडत राहतो.

खेळासाठीच बनलेल्या यंत्रांचं काय? ती रत्नागिरीत फार थोड्यांच्या हाती आली, पण एक धागा आपल्याजवळचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला, जे यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. स्विचचा मेनू पाहिलात तर चकित व्हाल: पांढरा किंवा काळा, एवढीच निवड. निन्टेन्डोनंच २०१२ च्या वी यू मध्ये दोन जीबीपैकी एक जीबी यंत्रणेसाठी राखला होता आणि तरीही मेनू रखडे. स्विचवर चार जीबीतला तीनाहून जास्त भाग गेमला दिला. ठेच लागल्यावरचं शहाणपण.

विंडोजवाल्यांना ते यायला आणखी वेळ लागला. असूसचा रॉग अॅलाय २०२३ मध्ये भारतात सत्तर हजारांच्या घरात आला. सात इंचांच्या पडद्यावर आख्खं डेस्कटॉप विंडोज, आणि कोपऱ्यातली बारीक फुली बोटानं दाबायची. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या अॅलायमध्ये मायक्रोसॉफ्टनं डेस्कटॉप न उघडता थेट खेळांच्या पडद्यावर जायची सोय केली. त्यानं दोन जीबीपर्यंत मेमरी वाचते असं सांगितलं गेलं. म्हणजे सात गॅलेक्सी वाय मावतील एवढी मेमरी नुसती डेस्कटॉप सजवून ठेवण्यात जात होती.

फोनवाले मात्र अजून जुन्याच वाटेनं चाललेत. पंधरा-अठरा हजारांच्या फोनच्या खोक्यावर ‘१२० हर्ट्झ’ ठळक छापलेलं असतं. मेनू खरोखरच सेकंदाला एकशेवीस चित्रांनी सरकतो, झुळझुळीत. त्याच फोनवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, उघडा, सेटिंगमध्ये फ्रेम रेट बघा. त्यातल्या पुष्कळ फोनांवर यादी ‘अल्ट्रा’ला येऊन थांबते. अल्ट्रा म्हणजे सेकंदाला चाळीस.