वजनकाट्यास न दिसणारी स्थूलता

अस्थी, स्नायू, मेद आणि आंतरिंद्रिये यांचे मिळून मनुष्याचे वजन होते. वजनकाटा या सर्वांची बेरीज सांगतो. त्यांचे परस्परांतील प्रमाण सांगत नाही. म्हणून ज्याचा मेद वाढत आहे व त्याच वेळी स्नायू घटत आहेत, त्याचे वजन दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहू शकते. या अवस्थेस स्नायुक्षययुक्त स्थूलता म्हणता येईल. स्नायुक्षयास 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली प्रसिद्ध केले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस व 'पेनिया' म्हणजे उणीव. हा क्षय मुख्यतः वार्धक्यातील मानला गेला. तथापि बैठे जीवन कंठणाऱ्या तरुणांतही मेदाचे आधिक्य व स्नायूंची न्यूनता एकत्र आढळू शकते.

स्थूलता ठरविण्याची प्रचलित रीत सोपी आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. बेल्जियमचे गणिती क्वेटेले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या या प्रमाणाचा देहवस्तुमानांक म्हणून आज सर्वत्र उपयोग होतो. परंतु मेद व स्नायू यांचा भेद त्यास कळत नाही. १९४२ साली अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेन्के यांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंचे पाण्याखाली वजन केले. उंची-वजनाच्या कोष्टकांनी त्यांपैकी पुष्कळांना अतिवजनी ठरविले होते. प्रत्यक्षात त्यांचे वजन मेदाचे नसून बव्हंशी स्नायूंचे होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २००४ साली प्रसिद्ध झाले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा देहवस्तुमानांक २२.३ असा एकच होता. क्ष-किरणांनी मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. अर्थात् केवळ यावरून कोणी रोगी ठरत नाही. पण एकाच अंकामागे किती भिन्न घडण असू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

ही घडण मोजण्याच्या तीन रीती महत्त्वाच्या आहेत. पहिली आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे. मेद पाण्याहून हलका व इतर ऊती पाण्याहून जड असल्याने शरीराच्या घनतेवरून मेदाचे प्रमाण काढता येते. घनता १.०७ असल्यास मेद सुमारे १३ टक्के, १.०४ असल्यास सुमारे २६ टक्के भरतो. दुसऱ्या रीतीत दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. अस्थी, मेद व इतर ऊती ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून हात-पायांतील स्नायूंचाही स्वतंत्र अंदाज मिळतो. तिसऱ्या रीतीत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह वापरतात. जलयुक्त स्नायूंतून तो सुलभतेने वाहतो, मेद त्यास विरोध करतो. हे यंत्र स्वस्त व सुटसुटीत आहे. मात्र जलपान, भोजन किंवा व्यायाम यांमुळे त्याचे उत्तर बदलते.

केवळ मोजमापही पुरेसे नाही. २०२२ साली दोन युरोपीय वैद्यकीय संस्थांनी ठरविलेल्या क्रमानुसार प्रथम कंबरेचा घेर अथवा देहवस्तुमानांक व स्नायुदौर्बल्याची लक्षणे पाहावीत; नंतर हाताच्या पकडीची किंवा खुर्चीवरून उठण्याची शक्ती तपासावी; आणि मग शरीराची घडण मोजावी.

हा खटाटोप तरुणपणी करण्याचे कारण आहे. भोजनोत्तर रक्तातील साखर इन्सुलिनच्या साहाय्याने शोषून घेण्याचे कार्य प्रामुख्याने स्नायू करतात. ते उणे पडले की मधुमेहाचा धोका वाढतो. शिवाय स्नायूंचा संचय तारुण्यात पूर्णत्वास पोहोचतो व पुढे हळूहळू घटतो. ज्याचा संचय मुळातच अल्प, त्यास वार्धक्यात दौर्बल्य लवकर गाठते. केवळ उपवासाने वजन उतरविल्यास मेदाबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून भार उचलण्यासारखा व्यायाम आणि डाळी, दूध, अंडी अशा पदार्थांतून मिळणारी पुरेशी प्रथिने यांची जोड आवश्यक असते. काट्यावरील अंक किती उतरला याहून काय उतरले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.