खूण साक्ष देते, पहारा नाही

चित्रपटगृहात चोरून चित्रित केलेला सिनेमा मोबाइलवर फिरू लागतो, तेव्हा तो कोणत्या पडद्यावरून उचलला हे त्या चोरीच्या प्रतीतूनच शोधता येऊ शकते. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००५ साली डिजिटल चित्रपटगृहांसाठी जे निकष ठरवले, त्यांत प्रक्षेपण यंत्रणेने अदृश्य खूण सोडण्याची तरतूद होती. ही खूण ३५ बिटांची. त्यांतले १६ वेळ सांगतात, १९ ठिकाण. प्रेक्षकाला तिचा पत्ता नसतो, पण चोराचा कॅमेरा ती टिपून घेतो. माहितीत माहिती दडवण्याच्या या तंत्राने चोरी थांबेल, अशी आशा वारंवार बाळगली गेली. ती फोल आहे. चोरी झाल्यावर पुरावा देणे हे या तंत्राचे खरे बळ आहे आणि त्याच्या वापराला पुराव्याचेच कडक नियम लागायला हवेत.

दडवण्याची सर्वांत सोपी रीत अशी: रंगीत फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी ० ते २५५ यांतला एकेक आकडा असतो. त्याचा शेवटचा बिट बदलला, तर आकडा फार तर एकाने कमी-जास्त होतो आणि डोळ्यांना काहीच जाणवत नाही. दहा लाख ठिपक्यांच्या फोटोत असे ३० लाख बिट, म्हणजे पावणेचार लाख बाइट मजकूर मावतो. २०१० साली अमेरिकेत पकडलेले रशियन हेर चित्रांत निरोप दडवत असल्याचे एफबीआयने न्यायालयापुढे मांडले होते. पण ही रीत नाजूक आहे. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो आकुंचित केला की निरोप पुसला जातो. आणि आकुंचित न झालेली फाइल हाती लागली, तर आकड्यांच्या विस्कटलेल्या वाटणीवरून ढवळाढवळ ओळखता येते, हे संशोधकांनी १९९९ सालीच दाखवून दिले. म्हणून जाणकार आधी मजकूर कूटबद्ध करतात आणि मग दडवतात. दडवल्याने निरोप आहे हे कळत नाही. तो वाचता येऊ नये याची काळजी कूटबद्ध करण्याची चावी घेते.

स्वामित्वहक्काची गरज नेमकी उलटी आहे. तिथे खूण असल्याचे कळले तरी चालते, ती निघता मात्र कामा नये. इंगेमार कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली यावर मार्ग सुचवला: खूण क्षुल्लक बिटांत न ठेवता चित्राच्या ठळक, डोळ्यांत भरणाऱ्या घटकांत विखरून ठेवायची. मग ती पुसू पाहणाऱ्याला चित्रच बिघडवावे लागते.

तरीही खूण मोडता येतेच, मग उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याला आधारही आहे. संगीत उद्योगाच्या एसडीएमआय या गटाने २००० साली आपले वॉटरमार्क, म्हणजे अशाच खुणा, मोडून दाखवण्याचे आव्हान दिले. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन आणि सहकाऱ्यांनी चारही निष्प्रभ केल्याचे सांगितले, तेव्हा त्यांना खटल्याची धमकी मिळाली. पण तिथे खुणेला पहारेकरी केले होते. खूण ओळखणारे यंत्र घरोघरी पोचवायचे म्हणजे खूण गेली की राहिली, हे तपासण्याची सोय चोरालाच करून देणे. पुराव्यासाठी ठेवलेल्या खुणेचा शोधक मालकाकडेच राहतो. आपली प्रत स्वच्छ झाली याची खात्री चोराला कधीच होत नाही. भारतीय कायदाही याच अंगाने जातो: २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढून टाकल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हीच खूण निरपराध माणसाच्याही मागावर राहते. काही रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळे ठिपके उमटवतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २००५ साली अशा एका प्रिंटरच्या ठिपक्यांतून तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक वाचून दाखवला. प्रिंटर विकत घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना याची कल्पना नव्हती. हा आक्षेप मान्य करून तंत्राला मर्यादा घालायला हव्यात. खूण नेमकी कुठे आहे हे गुप्त राहू द्यावे, पण ती आहे आणि ती काय नोंदवते, हे ग्राहकाला आधी सांगितलेच पाहिजे. शिवाय चित्रपटगृहातली खूण पडदा आणि वेळ सांगते. कॅमेरा कोणाच्या हातात होता, ते सांगत नाही. ते शोधणे पोलिसांचे काम आहे, आणि खूण सापडली म्हणून त्यांना ते टाळता येणार नाही.