विसावा कोठे असावा?

नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी व रविवारी भरते. सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यातून पायी निघावयाचे, तर विसाव्याची जागा आधीच ठरवावी, असे आम्हांस वाटते.

येथे पाऊस मुसळधार; परंतु पाणी उतारावरून वाहून जाते व पुढे विहिरी आटू लागतात. म्हणून प्रथम पाणी पाहावे आणि ते ग्रामस्थांना विचारूनच घ्यावे. विसावा घाटाच्या चढणीपूर्वी, रस्त्यापासून आत, सावलीत असावा. शौचालय विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास बांधावे. भगिनींसाठी आडोसा हवाच. अंतर मोजताना तरुणांची नव्हे, आजीची चाल धरावी.

आपली तहान भागविताना गावाची घागर रिकामी राहू नये, हीदेखील प्रार्थनाच होय.