सीमाभागाची 'मैना'

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सीमाप्रश्नाची चतुःसूत्री निवेदनांत शोभते, न्यायालयात मांडता येते. पण ती गाता येत नाही. आपले दुःख गळ्यात उतरवण्याचे काम शाहिरांनी केले. त्यात पहिला मान अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीचा.

वाटेगावचे अण्णा भाऊ पोटासाठी मुंबईत आले, गिरणीत राबले. शाळा नावापुरतीच झालेली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाच्या गणात गणपतीला वंदन करायची जुनी रीत. अण्णा भाऊंनी ती मोडून मायभूमीला वंदन केले आणि फडावर कष्टकऱ्यांची गाऱ्हाणी आणली.

छक्कड हा तसा लावणीचाच प्रकार. 'मैने'तही आधी विरहच आहे. कामगार मुंबईला निघतो, घरधनीण गावी राहते. मग शाहीर एकदम वळण घेतो. या दोघांची जी ताटातूट, तीच खंडित महाराष्ट्राची, असे सांगून तो बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे घेतो. ज्याच्या घरचे माणूस दूर आहे, त्याला सीमेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गाण्याचे बळ इथे आहे.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली आणि बाकीच्या मुलखात ही गाणी विजयाची आठवण ठरली. सीमाभागात मात्र ती तक्रारच राहिली. २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तरी मैनेची भेट झालेली नाही.

अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली गेले. त्यांची गाणी छापली गेली म्हणून टिकली. पण आपल्याच गावांत मोर्च्यासाठी, सत्याग्रहासाठी जुळवलेली गाणी कोणी छापली? ती म्हणणारी पिढी थकली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आठवेल तेवढे वहीत उतरवा आणि शेजारी गाणाऱ्याचे व गावाचे नाव लिहा. दाव्याचे कागद वकील सांभाळतील. गाणी आपल्यालाच सांभाळायची आहेत.