होमोसिस्टीनचा आकडा कसा वाचायचा?

हृदयरोग्याच्या फाइलीत हल्ली अनेकदा होमोसिस्टीनचा रिपोर्ट असतो. आकड्यापुढे 'हाय' दिसलं की घरचे धास्तावतात.

होमोसिस्टीन हे एक अमिनो आम्ल आहे. अन्नातल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून ते शरीरातच तयार होतं. बी-१२ आणि फोलेट पुरेसं असेल तर पेशी त्याचं पुन्हा मेथिओनिन करतात. ही जीवनसत्त्वं कमी पडली किंवा मूत्रपिंडाचं काम मंदावलं, की ते रक्तात साचतं. लिटरमागे १५ मायक्रोमोलपर्यंत ठीक मानतात.

हृदयविकारासाठी त्यावर संशय घेतला अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांनी. जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन प्रचंड वाढून दगावलेल्या मुलांच्या धमन्या त्यांना जाड झालेल्या दिसल्या. १९६९मध्ये त्यांनी ते मांडलं. पुढे अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम शहरातल्या हृदयरोगाच्या पाहणीत, आधी हार्ट अटॅक न आलेल्या पण होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) अधिक झाल्याचं आढळलं. मग होमोसिस्टीन उतरवणाऱ्या जीवनसत्त्वांच्या स्वस्त गोळ्यांनी हृदय वाचेल, ही आशा स्वाभाविकच होती. ती फळली नाही. २००६मध्ये नॉर्वेतल्या नॉर्विट आणि होप-२ या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: जीवनसत्त्वांनी आकडा उतरला, हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत. होप-२मध्ये पक्षाघात थोडे कमी दिसले, इतकंच. हृदयाचं पंपिंग कसं आहे, हेही या आकड्यावरून ठरवू नये. त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आहे.

मग तपासणी वायाच का? आपल्याकडे तरी नाही, असं मला ठामपणे वाटतं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं, ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त. शाकाहारी ताटात बी-१२ येतं ते मुख्यतः दूध-दह्यातून. ते परवडलं नाही किंवा बंद केलं, तर कमतरता ठरलेलीच.

रक्त कसं हाताळलं, हेही विचारावं. नळी बर्फात न ठेवता तशीच पडून राहिली, तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी फुगतो. आकडा खरोखरच जास्त असेल, तर बी-१२ आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून घ्यावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर बी-१२ नक्कीच, कारण त्या गोळीने बी-१२ घटू शकतं. आणि नुसतं फोलिक ॲसिड (फोलेटची गोळी) मनाने सुरू करू नये: रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२अभावी मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.